दौलताबादचा अंबरकोट : एका ओस पडलेल्या राजधानीचे अवशेष

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथून वेरूळकडे जाणाऱ्या हमरस्त्याने सुमारे १५ किलोमीटर गेल्यावर एका उंच, एकाकी डोंगराचा सुळका दिसू लागतो आणि त्याच्या पायथ्याशी काळ्या दगडाचा एक लांबलचक तट आडवा येतो. हाच दौलताबादचा बाहेरचा कोट, म्हणजे अंबरकोट. किल्ला पाहावयास येणारी मंडळी ह्या तटाकडे सहसा लक्ष देत नाहीत. महाकोटाच्या खिळे ठोकलेल्या दरवाज्यांपाशी वाहनातून उतरावे, चांद मिनार पाहावा, अंधारीतून चाचपडत वर चढावे, बारादरीत दम घ्यावा आणि परतावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ह्या स्थळाचा सर्वांत बोलका भाग मागेच राहून गेलेला असतो. अंबरकोट आणि महाकोट ह्या दोन तटांमध्ये जी विस्तीर्ण जागा मोकळी पडली आहे, जेथे आज शेते, बाभळी, पडक्या मशिदी, थडगी आणि एक लहान गाव आहे, ती जागा म्हणजे एके काळचे नगर होय. किल्ला बराचसा टिकला, नगर मात्र नाहीसे झाले. ते केव्हा व कशाने नाहीसे झाले, ह्या प्रश्नाचे उत्तर समजले जाते तितके सरळ नाही.

लोकांच्या मनातील उत्तर ठरलेले आहे. महंमद तुघलक नावाच्या एका लहरी सुलतानाने दिल्लीची सारी वस्ती उठवून देवगिरीस नेली, पाणी पुरेना म्हणून ती पुन्हा दिल्लीस नेली आणि ह्या येरझाऱ्यांत दोन्ही शहरे उजाड झाली, अशी ही कथा आहे. मराठीत 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग तिच्यामुळेच रूढ झाला. शासनाचा एखादा निर्णय अविचारी वाटला की वर्तमानपत्रे आजही तोच शब्द वापरतात. कथा सोयीची आहे खरी. पण अंबरकोटाच्या आत दोन तास हिंडणाऱ्या माणसास ती अपुरी वाटू लागते. येथे जे पडलेले दिसते ते एका पिढीचे बांधकाम नव्हे.

स्थळाची रचना प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. मध्ये सुमारे २०० मीटर उंचीचा शंक्वाकृती डोंगर आहे. त्याच्या खालच्या कडा सुमारे ५० मीटरपर्यंत तासून अगदी सरळ भिंतीसारख्या केल्या आहेत, आणि पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक आहे. हा झाला बालेकिल्ला. त्याच्या पुढ्यात काळाकोट, त्याबाहेर महाकोट आणि सर्वांत बाहेर अंबरकोट असे तीन तट एकापुढे एक पसरले आहेत. काळाकोटात राजवाडे, महाकोटात मशीद, हौद, हमाम, कचेऱ्या व मातब्बरांची घरे, आणि अंबरकोटात सामान्य नागरी वस्ती, अशी सर्वसाधारण विभागणी सांगता येते. अंबरकोटाचा घेर सुमारे पावणेतीन मैल, म्हणजे साडेचार किलोमीटरांच्या आसपास आहे. चौदाव्या शतकातील दक्षिणेत एवढी जागा तटाने वेढणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्याला केवळ ठाणे राखावयाचे आहे तो इतका खर्च करीत नाही. त्याला डोंगर आणि खंदक पुरे असतात.

देवगिरीचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरे आहे. पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास येथे यादवांची राजधानी स्थापिली. महानुभाव वाङ्मयात तिचा निर्देश कटक देवगिरी असा येतो. रामदेवरावाच्या कारकिर्दीत, १२९६ साली, अलाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी झाली. पुढे मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या आणि १३१८ च्या सुमारास हरपालदेवाच्या वधाबरोबर यादवसत्तेचा शेवट झाला. त्याच वेळी कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने महाकोटातील मोठी मशीद उभारली. तिच्या दालनात शंभराहून अधिक स्तंभ आहेत आणि त्यांपैकी पुष्कळसे जुन्या देवळांतून काढून आणलेले आहेत, हे त्यांवरील कोरीवकामाकडे नजर टाकताच कळते. काही स्तंभ एकावर एक रचून उंची साधली आहे. हैदराबाद संस्थानाच्या १९४८ मधील विलीनीकरणानंतर ह्या वास्तूत भारतमातेच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली व आज ती भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. देवळाचे खांब मशिदीत आणि मशीद पुन्हा मंदिरात, अशी सहाशे वर्षांची वाटचाल एकाच छपराखाली येथे पाहावयास मिळते. पाथरवटाने मूळ खांब घडविला तेव्हा तो कोणत्या देवतेसाठी होता हे सांगणारे आता तेथे काही उरलेले नाही.

आता तुघलकाकडे वळावयास हरकत नाही. १३२६-२७ च्या सुमारास सुलतानाचा चुलतबंधू बहाउद्दीन गुर्शास्प ह्याने सध्याच्या कर्नाटकातील सगर येथे बंड केले आणि ते मोडण्याच्या निमित्ताने सुलतान स्वतः देवगिरीस आला. दक्षिणेचा कारभार दिल्लीहून चालवावयाचा तर बंडाची बातमी पोहोचून सैन्य येईपर्यंत महिने जातात, हा अनुभव त्याच्या पदरी ताजा होता. देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे दुसरी राजधानी करावी, असा निर्णय १३२७ मध्ये झाला. ह्या काळातील नाण्यांवर दौलताबादचा उल्लेख 'कुब्बत-उल्-इस्लाम' अशा गौरवाने येतो, तर पुढे १३३० नंतरच्या तांब्यापितळेच्या सांकेतिक चलनावर 'तख्तगाह दौलताबाद' असे शब्द आढळतात. ज्या शहराच्या टांकसाळीतून राजधानी म्हणून नाणी पडत होती, त्याला लहरीचा खेळ म्हणणे कठीण आहे.

स्थलांतराची जी भयंकर वर्णने प्रसिद्ध आहेत ती मुख्यतः तीन ग्रंथकारांची आहेत, आणि प्रत्येकाची भूमिका लक्षात ठेवूनच ती वाचली पाहिजेत. झियाउद्दीन बरनी हा दरबारातला मनुष्य. त्याने उतारवयात, दुसऱ्या सुलतानाच्या काळात, जुन्या धन्याच्या चुकांचा पाढा वाचला. दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, असे तो लिहितो. इसामी हा तर ह्या प्रवासात स्वतःच होरपळलेला. त्याचे आजोबा नव्वदीचे होते व दिल्लीबाहेर तिलपत ह्या पहिल्याच मुक्कामी ते वारले, असे त्याने नमूद केले आहे. पण इसामीने आपले काव्य १३५० च्या सुमारास पुरे केले ते तुघलकाविरुद्ध बंड करून गादीवर आलेल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. त्याच्या दुःखाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्या निवाड्याविषयी मात्र आहे. तिसरा इब्न बतूता. आंधळ्या माणसास दिल्लीपासून फरफटत नेले आणि दौलताबादेस त्याचा एक पाय तेवढा पोहोचला, ही सर्वतोमुखी झालेली गोष्ट त्याची. परंतु हा प्रवासी दिल्लीत आला तोच १३३४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सात वर्षांनी. ही गोष्ट त्याने बाजारात ऐकली असली पाहिजे, आणि बाजारातल्या गोष्टींचे जे होते ते तिचे झाले आहे.

उलट बाजूचा पुरावा लहान आहे, पण तो दगडावरचा आहे. दिल्लीच्या परिसरात १३२७ व १३२८ सालांचे संस्कृत शिलालेख मिळाले आहेत. त्यांतून दिल्लीतील सधन हिंदू कुटुंबे त्या वर्षी आपापल्या जागी नांदत होती व विहिरींसारखी धर्मकृत्ये करीत होती असे दिसते. तेव्हा हलविले गेले ते सारे नगर नसून अमीर-उमराव, उलेमा, सूफी, लेखनिक, सैन्याधिकारी आणि त्यांच्या परिवारातील माणसे होती, हेच अधिक संभवते. त्यांच्या हालअपेष्टा त्यामुळे कमी ठरत नाहीत. चाळीस दिवसांची वाट, दक्षिणेतील ऊन, मागे सोडलेले वाडे व कबरी ह्यांचा त्रास इसामीच्या आजोबांना झाला तो झालाच. मात्र शहर उजाड होणे आणि शहराचा वरचा थर उचलला जाणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व लोककथेने त्या एक केल्या आहेत.

शहर वसविले गेले ते कोणत्या कल्पनेने, ह्याचे वर्णन अल्-उमरी ह्या अरब ग्रंथकाराने शेख मुबारक नावाच्या प्रवाशाच्या तोंडून दिले आहे. सैन्य, वजीर व कारकून, काजी व विद्वान, शेख व फकीर, व्यापारी व कारागीर अशा प्रत्येक वर्गासाठी वेगळी पेठ आखली होती आणि प्रत्येक पेठेत मशीद, बाजार, हमाम व भटारखाना होता. एका पेठेच्या रहिवाशास दुसरीकडे जाण्याची गरजच पडू नये, असा हेतू होता. हे वर्णन आराखड्याचे आहे की पुऱ्या झालेल्या कामाचे, हा भाग निराळा. प्रत्यक्ष नगर पाहिले ते इब्न बतूताने. चीनच्या वकिलातीवर निघालेला हा प्रवासी १३४२ च्या सुमारास येथे आला तेव्हा महंमद तुघलक दिल्लीस परतून बराच काळ लोटला होता आणि ज्यांना जावयाचे होते त्यांस परत जाण्याची मुभाही मिळाली होती. कथा खरी मानली तर त्याला भुते हिंडणारे गाव दिसावयास हवे होते. त्याला दिसले ते असे : नगराचे तीन भाग, त्यांपैकी एक दौलताबाद, हा सुलतान व त्याचे सैन्य ह्यांचा, दुसरा कटक, आणि तिसरा अभेद्य बालेकिल्ला, ज्यास तो 'दुवैगीर' म्हणतो. देवगिरी आणि कटक ही दोन्ही यादवकालीन नावे नामांतरानंतर दीड दशकाने परदेशी पाहुण्याच्या कानांवर पडत होती, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे. फर्मानाने राजधानीचे नाव बदलते. पेठेतल्या माणसाची जीभ आपल्या गतीने बदलते.

इब्न बतूताची आणखी काही निरीक्षणे मोलाची आहेत. येथील हिंदू व्यापारी जवाहिरांचा व्यापार करतात, ते अतिशय श्रीमंत आहेत व त्यांस 'साह' म्हणतात, असे तो लिहितो. आपल्या सावकार ह्या शब्दाचा पूर्वज ओळखण्यास अडचण पडू नये. द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असेही तो सांगतो. गायक-गायिकांचा एक स्वतंत्र बाजार होता, त्याचे नाव तरबाबाद. दुकानांच्या मागे घरे, मध्यभागी गालिचे अंथरलेला मंडप, आणि दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तेथे येऊन बसणारा गायकांचा प्रमुख, असे त्याचे रंगतदार चित्र त्याने काढले आहे. बालेकिल्ल्यातील तळघरात डांबलेल्या एका मलिकाने मांजराहून मोठे उंदीर पाहिल्याची हकीकतही तो देतो, पण ती पुन्हा ऐकीव आहे. सुलतानासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेने येथे आणले जाई, ही त्याची नोंद मात्र हसून सोडून देण्याजोगी नाही. राजधानी हलली तरी पाणी जुन्याच नदीचे हवे होते. ह्या सर्व वर्णनात उद्ध्वस्त शहर कोठेही नाही. भरलेले, महसुलाचे, बाजारांचे शहर आहे, आणि त्यावर सुलतानाचा गुरू कुतलुघखान सुभेदारी करीत आहे.

जमिनीतील पुरावा गोळा करण्याचे काम पुष्कळ उशिरा झाले. डेक्कन कॉलेजचे म. श्री. माटे आणि मराठवाडा विद्यापीठाचे टी. व्ही. पाथी ह्यांनी येथे पद्धतशीर पाहणी व उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात मध्ययुगीन इस्लामी वसाहतीचे उत्खनन ही तोवर जवळजवळ दुर्लक्षित बाब होती. पुरातत्त्व म्हणजे सिंधुसंस्कृती, ताम्रपाषाणयुग, फार तर सातवाहन, आणि त्यानंतरचे सारे कागदपत्रांवर सोडून द्यावयाचे, अशी एक अलिखित समजूत होती. दौलताबादने ती काही अंशी मोडली. रस्ते, घरांचे पाये, दुकानांच्या ओळी आणि पाणीपुरवठ्याची योजना ह्यांकडे लक्ष गेले. अंबरकोटाच्या बाहेरील टेकड्यांच्या कुशीत बांध घालून साठविलेले पाणी खापरी नळांनी नगरात व तेथून महाकोटातील हौदांत आणले जाई. हत्ती हौद म्हणून ओळखला जाणारा प्रचंड हौद त्याच व्यवस्थेचा अवशेष होय. पाण्यावाचून तुघलकाची राजधानी फसली असे म्हणणाऱ्यांनी ह्या हौदाच्या काठावर उभे राहून पाहावे. पाणी मुबलक होते असे नव्हे. पण ते नव्हतेच असेही नव्हे, आणि जे होते ते जपून वापरण्याची विद्या ह्या लोकांना चांगली अवगत होती.

तुघलकाच्या हातून दौलताबाद गेले ते बंडाने. दक्षिणेतील 'अमीरान-ए-सदा' म्हणजे शंभरांच्या तुकड्यांचे सरदार १३४५ पासून अस्वस्थ होते. त्यांनी प्रथम इस्माईल मुख ह्यास व नंतर हसन ह्यास पुढे केले आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबाद येथे अलाउद्दीन बहमनशहा ह्या नावाने हसनचे राज्यारोहण झाले. म्हणजे दिल्लीहून दौलताबादेस आणलेल्या लोकांमधूनच दिल्लीशी नाते तोडणारी सत्ता जन्मली. तुघलकाची योजना अशा रीतीने फार सफल झाली असे म्हणावे लागते. दक्षिणेत मुसलमानी राज्य रुजावे हा तिचा हेतू पुरा झाला, फक्त ते त्याचे राहिले नाही. ह्याच वसाहतकारांच्या बोलीतून पुढे दखनी भाषा आकारास आली व मराठीच्या शेजारी शतकानुशतके नांदली.

नव्या सुलतानाने राजधानी गुलबर्ग्यास नेली, तरी दौलताबाद हे बहमनी राज्याच्या चार तरफांपैकी एकीचे मुख्य ठाणे राहिले. चांद मिनार पंधराव्या शतकाच्या मध्यास दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या काळी उभा राहिला. जे शहर शंभर वर्षांपूर्वी ओस पडले, त्यात कोणी असा मनोरा बांधीत नाही. १४९९ मध्ये ते अहमदनगरच्या निजामशहाकडे आले. निजामशाहीतील येथील किल्लेदार जनार्दनस्वामी आणि त्यांच्याकडे गुरुसेवेसाठी पैठणहून आलेले एकनाथ ही आठवण महाराष्ट्राने जिवापाड जपली आहे. परंपरेने सांगितलेले तिचे तपशील बाजूस ठेवले तरी तीतून एक ऐतिहासिक वस्तुस्थिती स्पष्ट होते : सोळाव्या शतकात दौलताबाद हे नांदते ठिकाण होते, तेथे कचेरी होती, हिशेब होते, आणि एका मराठी ब्राह्मणाच्या हाती मुसलमान राजाच्या किल्ल्याच्या किल्ल्या होत्या. नाथांच्या हिंदू-तुर्क संवादाच्या पाठीमागे कोणते जग होते, हे ह्या दरवाज्यांच्या देवड्यांतून हिंडताना काहीसे उमगते.

१६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाही जिवंत ठेवली ती मलिक अंबरने. १६१० च्या सुमारास त्याने दौलताबाद ही राजधानी केली. बाहेरच्या तटास अंबरकोट हे नाव त्याच्यावरूनच पडले. हा तट मुळात त्याने बांधला असे मानण्याची प्रथा आहे. तथापि तटाची आखणी व त्याच्या आतील जुन्या इमारती पाहता चौदाव्या शतकातील भिंतीची त्याने मोठी डागडुजी केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १६२६ मध्ये तो वारला. पुढील सात वर्षे ह्या शहराच्या इतिहासातील अत्यंत वाईट होत. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांचा येथेच दरबारात घात झाला; जिजाबाईंचे वडील अशा रीतीने गेले आणि शहाजीराजांचे निजामशाहीशी असलेले नाते त्यानंतर पूर्ववत राहिले नाही. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबादेस वेढा घातला. सुरुंग लावून आधी अंबरकोट, मग महाकोट फोडण्यात आला; आत दुष्काळ व रोगराई होती, बाहेरून विजापूरची फौज व शहाजीराजे मोगलांना सतावीत होते, तरी रसद पोहोचू शकली नाही. जूनमध्ये मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान ह्याने किल्ला स्वाधीन केला. अल्पवयीन निजामशहास ग्वाल्हेरच्या कैदेत धाडण्यात आले. तटबंदीतील काही खिंडारे त्या वेढ्याची असावीत असे स्थानिक लोक सांगतात.

परंतु वेढ्याने शहर मोडते, ते कायमचे ओस पडते असे नाही. लोक परत येतात, भिंती पुन्हा बांधतात. दौलताबादेस ते झाले नाही, आणि त्याचे कारण पंधरा किलोमीटरांवर सापडते. १६१० मध्ये मलिक अंबरनेच खडकी ह्या गावी नवे नगर वसविले होते आणि १६१७ च्या सुमारास तेथे भूमिगत नहरीने पाणी आणले होते. डोंगरपायथ्यातील झरपे खणून, त्यांचे पाणी उताराने नळांत घेऊन शहरात फिरविण्याची ही नहर-ए-अंबरी दौलताबादच्या साऱ्या हौदांपेक्षा सरस ठरली. खडकीचे आधी फत्तेनगर झाले आणि दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने १६५३ मध्ये त्याचे औरंगाबाद केले. फ्रेंच प्रवासी थेवेनो १६६७ मध्ये ह्या भागातून गेला. दौलताबाद हे पूर्वी मोठ्या व्यापाराचे ठिकाण होते, पण आता तो व्यापार औरंगाबादेस गेला असून औरंगजेबाने सुभेदार असताना तो तेथे नेण्याची आपल्याकडून पराकाष्ठा केली होती, अशा आशयाची नोंद त्याने केली आहे. दौलताबादच्या नागरी मृत्यूचा दाखला म्हणून हिच्याइतकी नेमकी दुसरी नोंद नाही. तुघलकाने शहर ओस पाडले नाही. त्याने ते वसविले. सव्वातीनशे वर्षांनी औरंगजेबाने त्याचा बाजार काढून नेला. आणि ज्या मलिक अंबरच्या नावाने बाहेरचा तट ओळखला जातो, त्यानेच ह्या तटाआतील वस्ती रिकामी करणाऱ्या शहराचा पाया घातला होता.

सुभेदार सावलीच्या, नहरीच्या शहरात राहू लागल्यावर दौलताबादेस उरले ते दोनच उपयोग : ठाणे आणि तुरुंग. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन ह्यास १६८७ नंतर काळाकोटातील चिनी महालात ठेवण्यात आले. निळ्या चकाकत्या फरशांचे थोडे तुकडे त्या महालाच्या भिंतींवर अजून आहेत. पुढे १७५८ मध्ये बुसीच्या फ्रेंचांकडे व उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये पेशव्यांकडे किल्ला गेला. ह्या हस्तांतरांचे कागद पुष्कळ आहेत, पण त्यांत नगराचा विषय नाही. ज्याच्याविषयी तह होत होते ते एक डोंगरी ठाणे होते.

एका राजाच्या इच्छेने जन्मून त्याच्याबरोबर संपलेले शहर पाहावयाचे असेल तर ते दौलताबाद नव्हे, गुलबर्ग्याच्या दक्षिणेस भीमाकाठी असलेले फिरोजाबाद होय. फिरोजशहा बहमनीने १४०० च्या सुमारास ते तट, महाल, मशीद, हमाम ह्यांसह उभारले, आणि १४२२ मध्ये तो गेल्यावर व राजधानी बीदरला हलल्यावर ते पडीक झाले. तेथे एकाच पिढीचा थर आहे. दौलताबादेस यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही आणि मोगल असे थर एकमेकांत गुंतले आहेत. कोठे यादवकालीन देवळाच्या खांबावर तुघलकी कमान टेकली आहे, तर कोठे निजामशाही चुन्याखालून जुना घडीव दगड डोकावतो. तुघलकाच्या लहरीची कथा फिरोजाबादला शोभली असती.

शासनाने आखलेली शहरे का जगतात व का मरतात, हा प्रश्न केवळ चौदाव्या शतकाचा नाही. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही सूचना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्यांनी १९६५ मध्ये मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि वाशी हा ह्या नव्या मुंबईचा पहिला विभाग ठरला. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये, रेल्वे १९९२ मध्ये आली. राज्यकारभाराचे केंद्र बेलापूरला हलेल अशी मूळ अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही आणि मंत्रालय जागचे हलले नाही. मात्र कांदे-बटाटे, धान्य, मसाले ह्यांचे घाऊक बाजार १९८० नंतर क्रमाक्रमाने मुंबईतून उचलून वाशीस आणले गेले, त्यांच्या मागोमाग माणसे आली आणि शहर भरले. दौलताबादेस प्रथम दरबार आला व त्यामागे बाजार; वाशीस दरबार आलाच नाही, बाजार आला. दोन काळांची तुलना फार ताणू नये, कारण वाशीकरांना इसामीच्या आजोबांसारखे कोणी सक्तीने आणले नव्हते. स्थानिक आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या ज्या जमिनी घेतल्या गेल्या त्यांचा प्रश्न मात्र निराळा व कठोर आहे. दौलताबादच्या संदर्भात एवढेच महत्त्वाचे की दरबार गुलबर्ग्यास गेला तरी ते शहर जगले, आणि बाजार औरंगाबादेस गेला तेव्हा जगले नाही.

अंबरकोटाच्या तटावर फांजीवरून जेथे चालता येते तेथून आतला सारा प्रदेश नजरेत येतो. चर्यांचे दगड पुष्कळ ठिकाणी निखळले आहेत, जंग्यांतून पिंपळ उगवले आहेत. नांगरलेल्या जमिनीत भांड्यांची खापरे सर्वत्र दिसतात. त्यांत काही चकाकत्या लेपाचीही असतात. शेताच्या बांधात एखादा सफाईने घडविलेला उंबरठ्याचा दगड बसविलेला आढळतो, विहिरीच्या काठास कमानीचा तुकडा लावलेला असतो. महाकोट व बालेकिल्ला संरक्षित आहेत, तेथे पहारा व तिकीट आहे. नगराच्या ह्या भागावर मात्र शेती, नवी घरे, उपाहारगृहे आणि वाढती वाहतूक ह्यांचा दाब दरवर्षी वाढत आहे, व एका नांगरटीत पेठेचा जो थर विस्कटतो तो पुन्हा लावता येत नाही. उत्खनन झाले त्याच्या कितीतरी पट क्षेत्र अजून अस्पर्श आहे. अल्-उमरीच्या पेठा खरोखर आखल्या गेल्या होत्या काय, तरबाबादचा मंडप कोठे होता, साहूंची घरे कटकात होती की तटाच्या आत, ह्या प्रश्नांची उत्तरे असतील तर ती ह्याच शेतांखाली आहेत. वेरूळकडे जाणारा रस्ता त्यांच्या मधूनच जातो, आणि पुढे घाट चढून खुलदाबादेस पोहोचतो. तेथे दिल्लीहून ह्या स्थलांतरात आलेले बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ पासून आपल्या दर्ग्यात विसावले आहेत, कवी अमीर हसन सिज्झीची कबर जवळच आहे, आणि काही पावलांवर, उघड्या आकाशाखाली, औरंगजेबाची.